शेवटच्या आकड्यावरची पट्टी

गिऱ्हाईक अचूकतेचा हट्ट धरून बसलं की आप्पा उत्तर देत नसत. काउंटरवरचा सगळ्यात नाजूक काटा पुढे ओढायचे, त्याचं काचेचं झाकण उघडायचे आणि रिकाम्या पारड्यावर हलकी फुंकर मारायचे. गरम चहावर मारतो तेवढीच. पारड्यावर काहीही नसताना आकडे भराभर पळू लागत. गिऱ्हाईक त्या आकड्यांकडे बघत राही आणि आप्पा गिऱ्हाइकाकडे.

"पाहा भाऊ," ते म्हणत, "हाऊ काटा आते वारा मोजी ऱ्हायना. तुमले काय मोजनं शे, ते पहिले सांगा."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला दुकानात बसून विक्री थांबवण्याची खोड असते. आमच्या दुकानात ती आप्पांना होती. नंदुरबारात आमचं वजनकाट्यांचं दुकान. काटे, तापमापक, मोजपट्ट्या, जे जे मोजतं ते ते आम्ही विकायचो आणि दुरुस्त करायचो. शेठ गल्ल्यावर, मी विक्रीला, आणि मागच्या खोलीत आप्पा. काटा तपासायचा, बरोबर करायचा आणि तो किती बरोबर आहे याच्या दाखल्यावर सही करायची, हे त्यांचं काम. त्या सहीला आमच्या जिल्ह्यात मान होता. व्यापारी दाखला वाचत नसत, खालची सही बघत.

ठेंगणे, सावळे, कानावर केस, खिशाला कायम एक बारका चिमटा. पितळी वजनांची लाकडी पेटी त्यांच्या टेबलावर असे. त्या वजनांना ते कधी बोट लावत नसत, चिमट्यानेच उचलत. हाताचा घाम लागला की वजन वाढतं म्हणे. मी एकदा घाईत पन्नास ग्रॅमचं वजन हाताने उचललं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी ते वजन मलमलीने पुसत स्वतःशीच म्हणाले, "आंघोळ घाली दिनी बिचाराले."

एक सराफ आला होता. मिलीग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा काटा हवा म्हणाला. आप्पांनी विचारलं, दुकानात पंखा आहे का? आहे. दार रस्त्याकडे? हो. ट्रक जातात? जातात की. आप्पा म्हणाले, "मग काटा लेऊ नका, पहिले बिनवाराना घर बांधा." सराफ चिडून निघाला, पण पायरीवरून परत आला आणि साधा काटा घेऊन गेला. शेठ मात्र चिडलेलाच राहिला.

नवापूरचा एक कोंबड्यांचा फार्मवाला डिग्रीचा शंभरावा भाग दाखवणारं तापमापक मागत होता. आप्पा साधी तीन तापमापकं पिशवीत घालून त्याच्या शेडवर गेले. एक दाराशी टांगलं, एक मधे, एक पत्र्याखाली. अर्ध्या तासाने तिन्हींवर तीन वेगळे आकडे. "आते सांगा भाऊ," आप्पा म्हणाले, "कोनता कोपराना शंभरावा भाग पायजे?" तो माणूस पोट धरून हसला. महागडं एक न घेता साधी सहा घेऊन गेला, आणि पुढे दर वर्षी आप्पांसाठी अंड्यांचा ट्रे पाठवायचा. आप्पा शाकाहारी होते. ट्रे मी घरी न्यायचो.

आप्पांचं एक वेड होतं, घोडे. गाव तापीकाठचं, सारंगखेड्यापासून जवळच. तिथली घोड्यांची यात्रा भरली की आठ दिवस रजा. स्वतः कधी घोडा घेतला नाही, घ्यायची ऐपतही नव्हती. नुसते बघत फिरायचे. एकदा मीही सोबत गेलो होतो. तिथे एका घोडेवाल्याने आप्पांना ओळखलं आणि गळ घातली, मला अशी पट्टी द्या की घोड्याची उंची मिलिमीटरपर्यंत निघेल, गिऱ्हाइकासमोर वाद नको. आप्पांनी त्याचा पांढरा घोडा तीनदा मोजला. तीनदा वेगळा निघाला. घोड्याने एकदा पाय बदलला होता, एकदा मान वर केली होती.

"काय आप्पा, पट्टी खोटी का?" घोडेवाला म्हणाला.

"पट्टी खरी शे. घोडा जिवंत शे," आप्पा म्हणाले. "श्वास लेस का नही तो? जे जिवंत शे, ते इतलं बारीक मोजाले देत नही भो."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. ते वाक्य मला पुढे इतकं जड जाईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता जे लिहितो आहे ते मी घरीसुद्धा कधी बोललो नाही.

अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात बालवाड्या चालवणारी एक संस्था होती. आता नाही, म्हणून नाव लिहीत नाही. प्रत्येक पाड्यावर एक ताई, आणि तिने दर महिन्याला लहान लेकरांचं वजन करून वहीत लिहायचं. घटलेलं वजन वेळेवर कळलं तर लेकरू वाचतं, एवढा साधा त्यातला हिशोब. संस्थेच्या मॅडम स्वतः दुकानात आल्या. चाळीस काटे हवे होते, आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारे.

आप्पा मागच्या खोलीतून बाहेर आले. म्हणाले, लेकराच्या काट्याला दहा ग्रॅमचं पाऊल पुरतं, आकडा दहा-दहाने बदलला तरी चालतं. लेकरू हलतं, रडतं, मुततं.

मॅडम थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "ते मला कळतं हो. पण दहा ग्रॅमचा काटा घेतला की प्रत्येक वजनाच्या शेवटी शून्य येतं. वरचे लोक विचारतात, सगळीकडे शून्यच कसं? ताई घरी बसून लिहितात का? मला शून्य नको आहे."

"शून्य खोटं नही मॅडम," आप्पा म्हणाले. "त्या जागी दुसरा आकडा टाका, तो खोटा राही." आणि काउंटरवरच्या काट्यावर फुंकर मारायला ते वाकले. मॅडमनी घड्याळात पाहिलं.

शेठने मला डोळ्यांनी खुणावलं. मी मॅडमना म्हणालो, "होऊन जाईल."

लेकरांच्या त्या काट्यात आत एक सेटिंग असतं. झाकण उघडून चार-पाच बटणं दाबली की जो काटा दहा ग्रॅमच्या पावलांनी चालतो, तो एक ग्रॅमच्या पावलांनी आकडे दाखवू लागतो. आतली वजन पेलणारी पट्टी तीच, तिची ताकद तीच. फक्त तोंड बदलतं. शेवटचा आकडा येतो, पण त्याच्यामागे काही नसतं. हे आप्पांनीच मला शिकवलं होतं, असं कधी करू नको म्हणून.

यात्रेचे दिवस आले. आप्पा रजेवर जाताना दर वर्षी कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून ठेवत. त्यांच्या माघारी कुणाचं अडू नये म्हणून. मला बजावत, "तपासशी, मगच लिखशी." त्या वर्षीही त्यांनी सह्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला, डोक्यावर टोपी ठेवली आणि घोडे बघायला गेले. त्या आठ दिवसांत मी चाळीस काट्यांची सेटिंगं बदलली, झाकणांवर दुकानाची सीलं लावली आणि चाळीस दाखल्यांवर लिहिलं, अचूकता एक ग्रॅम. खाली सही होतीच.

हे करताना मी शीळ वाजवत होतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी संस्थेचा फोन आला. एका पाड्यावरच्या ताईच्या नोंदी खोट्या निघाल्या आहेत, तिला काढायचं ठरतंय, पण ती म्हणते काटाच खोटा आहे. तुम्ही या. शेठने आप्पांना आणि मला पाठवलं. काटे गेल्याचं आप्पांना माहीत होतं, ते दहा ग्रॅमचे गेले असं त्यांना मी सांगितलं होतं. बसमध्ये वजनांची पेटी मांडीवर घेऊन ते बाहेरचा डोंगर बघत बसले. मी झोपल्याचं सोंग घेतलं.

कार्यालयाच्या खोलीत मॅडम, त्यांच्यासमोर ती ताई, आणि दाराशी एक बाई कडेवर लेकरू घेऊन. ताई पंचवीस-सव्वीसची. काटा साडीच्या तुकड्यात बांधून तिने पाड्यावरून आणला होता. आधी पायी, मग जीपने. पाड्यावर तिच्याशिवाय लिहिता येणारी दुसरी बाई नव्हती, आणि घरात पगार आणणारं दुसरं कुणी नव्हतं. हे तिने नाही, नंतर मॅडमनीच सांगितलं.

"हिने सहा किलो चारशे ब्याऐंशी लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "तपासणीला गेलेल्या बाईंनी अर्ध्या तासात त्याच लेकराचं केलं, चारशे एकोणसत्तर. काटा एक ग्रॅमचा आणि फरक तेराचा. अशा अकरा नोंदी आहेत. मग मी काय समजू?"

"मी जे दिसलं ते लिहिलं," ताई म्हणाली. "ते थांबतच नाही. लेकरू रडतं, आकडा पळतो. मी एक पकडते."

'एक ग्रॅमचा' हे शब्द ऐकून आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग साडीची गाठ सोडली, काटा टेबलावर ठेवला, पेटीतून पाच किलोचं वजन काढून कापडाने धरून त्यावर ठेवलं. पाच किलो. पाच किलो तीन. चार नऊशे अठ्ठ्याण्णव. त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. आकडा जरा शांत झाला, तरी शेवटचा हलतच होता. मग ते दाराशी उभ्या बाईला म्हणाले, "माय, लेकरू ठेव बरं."

लेकरू ठेवलं. त्याने पाय झाडले. पाच किलो नऊशे एकतीस, नऊशे पंचवीस, नऊशे सदतीस, परत एकतीस. खोलीतले सगळे त्या शेवटच्या आकड्याकडे बघत होते. लेकरू आप्पांच्या खिशातला चिमटा ओढत होतं.

"मॅडम," आप्पा कार्यालयात शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, तो त्यांनी सोडून दिला, "लेकरू जिवंत शे. ताईले जे दखायनं, ते तिनी लिखं. दहा ग्रॅमना काटा ऱ्हाता, तर तिनं चारशे ऐंशी दखातं, तपासनीवालीनं चारशे सत्तर. एक पाऊलना फरक. कोनी कोनले चोर म्हनतं नही."

मॅडमनी नोंदींची वही मिटली. मग ताईला म्हणाल्या, "बस तू. खुर्ची घे." तिने खुर्ची घेतली नाही, पण तिने भिंतीला पाठ टेकवली, आणि मला कळलं की ती इतका वेळ टेकायलाही घाबरत होती.

मग मॅडमनी फायलीतून दाखला काढला. "म्हणजे काटा एक ग्रॅमचा नाहीच. मग इथे एक ग्रॅम कोणी लिहिलं?"

माझ्यासमोर अर्धं मिनिट होतं. तेवढं पुरे होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं. त्याऐवजी मी म्हणालो, "दाखल्याचं काम आप्पा बघतात. खाली सही त्यांची आहे."

आप्पांनी कागद हातात घेतला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. वरचं अक्षर माझं होतं, ते त्यांना कळायला चष्म्याचीही गरज नव्हती. कागद टेबलावर ठेवत ते म्हणाले,

"सही मन्ही शे."

एवढंच. अक्षर कोणाचं, ते बोलले नाहीत.

परतीच्या बसमध्ये मी शेजारी बसलो होतो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. नंदुरबारचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते पेटीची कडी लावत म्हणाले, "कोरा कागदवर मी सही करी. तितली चूक मन्ही. तितलीच मी लिधी." त्यांच्या वाट्याची चूक त्यांनी अशी बरोबर तोलून उचलली होती. उरलेली कोणाची, ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत. शेठने संस्थेला सांगितलं, जुना माणूस होता, नजर गेली होती, काढून टाकला. मी मागे उभा राहून ऐकलं. काटे दुरुस्त करून देतो असं मी संस्थेला कळवलं होतं, पण प्रत्येक काटा उघडायला जायचं म्हणजे प्रत्येक पाड्यावर जाऊन आपलंच पाप पाहायचं. पावसाळा संपू दे, म्हणालो. मग कामं निघाली. मग संस्थाच बंद पडली आणि मॅडम दुसरीकडे गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

आप्पा त्या वर्षात काय करत होते, ते मला उडत उडत कळायचं. कोणी सांगे, आप्पा अक्कलकुव्याच्या स्टँडवर दिसले, पिशवी घेऊन. कोणी सांगे, जीपच्या टपावर बसून वर चालले होते, या वयात! मला वाटलं, कुठे दुसरं काम धरलं असेल. विचारलं कोणालाच नाही.

दोन वर्षांनी ते गेले. तापीकाठी मी मागच्या रांगेत उभा होतो. त्यांच्या मुलाने मला ओळखलं, पुढे बोलावलं. मी पुढे गेलो नाही.

शेठची मुलं सुरतेला गेली, दुकान आता मी चालवतो. मागच्या खोलीत मी कोणाला बसवलेलं नाही. दाखल्यावर मीच सही करतो आणि कोरा कागद पुढे आला की माझा हात मागे जातो. गिऱ्हाईक अचूकतेचा हट्ट धरतं, तेव्हा फुंकर मारून दाखवावी असं मनात येतं. एकदाही मारलेली नाही. ती मारायचा हक्क माझा नाही.

गेल्या हिवाळ्यात वरच्या एका गावातल्या रेशनच्या काट्याचं काम निघालं. काम आटोपून परतताना जीप बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, तासभर लागेल. उतारावर एक घर होतं, ओट्यावर पाच-सहा बाया लेकरं घेऊन बसलेल्या. वजनांची पेटी हातात घेऊनच पाणी मागायला गेलो. ओट्यावर आमच्या दुकानाचा काटा होता.

काट्यापाशी तीच ताई होती. तिने मला ओळखलं नाही, मी तिला ओळखलं. केस पांढरे व्हायला लागले होते. संस्था गेली तरी तिचं वजन करणं सुटलं नव्हतं. दर महिन्याला बाया येतात, ती स्वतःच्या वहीत लिहिते, कोणाचं घटलं तर आईला घेऊन दवाखान्यात जाते. तिने एक लेकरू काट्यावर ठेवलं. मी वाकून पाहिलं.

आकड्यांच्या उजव्या टोकाला, शेवटच्या आकड्यावर, वायरमन वापरतात तसली काळी चिकटपट्टी लावलेली होती. नीट कापलेली, चौकोनी. लेकरू पाय झाडत होतं आणि आकडा मात्र सात पूर्णांक चोवीसवर जवळजवळ उभा होता.

"ही पट्टी?" मी विचारलं.

"आप्पा होते एक, नंदुरबारचे. त्यांनी लावली. चाळीसही काट्यांना लावली, पाड्यापाड्यावर फिरून. म्हणाले, हा आकडा बघायचाच नाही, वहीत तिथे शून्य लिहायचं. कोणी विचारलं तर सांगायचं, शून्य खरं आहे." ती हसली. "एक रीळ देऊन गेलेत. जुनी निघाली की नवी लावते."

मी म्हणालो, "काटा उघडून आतूनच नीट करता आला असता की."

"तेच मी म्हटलं होतं. तर म्हणे, झाकणावर दुकानाचं सील आहे, मी दुकानाचा राहिलो नाही. मी तोडायचं नाही." तिने लेकरू उचलून आईकडे दिलं. "दुकानातला माणूस येईल म्हणाले. तो उघडेल. तोवर पट्टी असू दे."

मग तिने माझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं, पेटीवरच्या दुकानाच्या नावाकडे, आणि झाकणावरच्या सीलकडे.

"तुम्हीच का ते?"

बाया बघत होत्या. जीपवाल्याचा आवाज येत होता, चला म्हणून. मी ओट्यावर बसलो.

"हो," मी म्हणालो. "मीच तो. दाखल्यावर एक ग्रॅम मी लिहिलं होतं. आप्पांनी नाही."

ती उठली. घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मी माझंच सील तोडलं. झाकण उघडलं, चार-पाच बटणं दाबली. मग कडेने नख घालून पट्टी काढली. इतक्या वर्षांच्या उन्हाने आणि चुलीच्या धुराने काच पिवळी पडली होती. पट्टीखालची तेवढी चौकोनी जागा नव्यासारखी स्वच्छ होती.

तिने लेकरू परत ठेवलं. लेकराने परत पाय झाडले. त्या स्वच्छ चौकोनात शून्य आलं आणि हललं नाही.

अजून एकोणचाळीस काटे आहेत. जीपवाल्याला मी सांगितलं, तू जा.